वीस किलोंचा वाद

अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या घरी गराजमध्ये 1992 सालची लाल मियाटा असते. माझ्दा कंपनीची दोन सीटची, कापडी टपाची ही गाडी युरोपात एमएक्स-5 म्हणून ओळखली जाते, जपानात ती युनोस रोडस्टर नावाने विकली गेली. 1989च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि 2016 मध्ये तिने दहा लाखांचा आकडा गाठला. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये हिच्याएवढी खपलेली दुसरी गाडी नाही. हा खप वेगामुळे झाला म्हणावं, तर 1600 सीसीच्या, 116 हॉर्सपॉवरच्या एंजिनाला आज कोणी भीक घालणार नाही. पण गाडीचं वजन टनाच्या आत आहे आणि वळणावर ती सांगाल तशी वळते, त्यावर लोक फिदा आहेत. आमचे हे, म्हणजे सलील, त्यातलेच एक.

सलीलने ती आणली तेव्हाच तिचा एसी बंद होता. तो ती हौसेने ट्रॅकवर पळवतो, म्हणून आता त्याला एसी मुळासकट काढून टाकायचाय. ऐन उन्हाळ्यात त्याचे मामा आमच्याकडे राहायला आलेत, आणि मामांचं उभं आयुष्य पुण्यात नाना पेठेत गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात गेलंय. एकाच्या हातात पाना, दुसऱ्याच्या हातात टॉर्च, मधे उघडं बॉनेट. मी चहा घेऊन पायरीवर बसले होते. ऐकणारीने तटस्थ असावं हे खरं, पण दोन सीटच्या गाडीत दुसरी सीट माझी असते, त्यामुळे ते मला जमणार नव्हतं.

सलील : मामा, हे पुढचं कंडेन्सर, हा कॉम्प्रेसर, या नळ्या, हा ड्रायर आणि डॅशबोर्डच्या मागची कूलिंग कॉइल. सगळं मिळून वीस किलोंच्या घरात जातं. चालत तर काहीच नाही. मग वागवायचं कशाला?

मामा : चालत नाही म्हणून काढायचं असेल तर आधी माझे गुडघे काढ.

सलील : चेष्टा नको. हे वजन कुठे आहे ते बघ ना. कंडेन्सर पार नाकावर, रेडिएटरच्याही पुढे. कॉम्प्रेसर एंजिनाला लटकलेला. या गाडीची खरी कमाई म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखा पडणारा भार. नाकावरचा एकेक किलो वळणात शिरताना जाणवतो.

मामा : कोणाला जाणवतो? तुला? हिशेब कर. गाडी आणि तू मिळून साधारण एक हजार पन्नास किलो. त्यातले वीस गेले म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. 116 हॉर्सपॉवरमध्ये दोनाची भर पडल्यासारखं झालं. टाकी किती लिटरची आहे?

सलील : पंचेचाळीस.

मामा : ट्रॅकवर जाताना अर्धी ठेव. सोळा-सतरा किलो तिथेच गेले. पान्याला हात लावायची गरज नाही.

सलील : ते मी करतोच. स्टेपनी आणि जॅकही काढून ठेवतो. वजन असंच जातं मामा, थोडं इथलं, थोडं तिथलं. एकदम दोनशे किलो काढायला जागाच कुठे असते? 1992 साली होंडाने एनएसएक्स-आर काढली तेव्हा एसी, स्टीरिओ, आवाज अडवणारे थर असं एकेक करत सुमारे 120 किलो उतरवले. पोर्शेने तर 911 जीटी3 आरएससारख्या गाडीत एसी नको म्हणणाऱ्याला तो फुकटात वगळून दिलाय. कंपनीच जर काढून देत असेल, तर मी काढला तर काय बिघडलं?

मामा : फुकटात काढून देते म्हणजे पैसे एसीचेही घेते आणि एसी देतही नाही. धंदा शिकावा तर त्यांच्याकडून.

इथे मला राहवलं नाही. सलीलच्याच कपाटातली पुस्तकं मी वाचलेली आहेत. मी म्हटलं, मामा, फेरारीची एफ40 सांगा ना त्याला. 1987 सालची ती गाडी. गालिचा नाही, रेडिओ नाही, दार आतून उघडायला हँडलऐवजी नुसती दोरी. एवढं सगळं ओरबाडून काढलं, पण एसी ठेवला! मागे दोन टर्बोचं एंजिन धगधगत असताना आत माणूस बसणार आहे, हे त्यांच्या ध्यानात होतं. मॅक्लारेन एफ1 गाडीचा रचनाकार गॉर्डन मरे एकेका सुट्या भागाच्या वजनासाठी भांडायचा, सीडी प्लेअरसुद्धा त्याने केनवूडकडून हलका करून घेतला. एसी मात्र त्याच्याही गाडीत आहे.

सलील : तू कोणाच्या बाजूची?

उजव्या बाजूची, मी म्हटलं. अमेरिकेत सोबत बसणाऱ्याची सीट उजवीकडे असते.

पोर्शेचाच एक दाखला सलीलने सोयीस्करपणे गाळला होता. 2010च्या सुमारास आलेली त्यांची बॉक्सस्टर स्पायडर मुळात एसी आणि रेडिओशिवाय येत असे. तरी पुष्कळ ग्राहकांनी जास्तीचे पैसे मोजून दोन्ही परत बसवून घेतले. वजनाचं वेड बोलण्यात असतं तेवढं पैसे मोजताना टिकत नाही, असं माझं आपलं मत.

मामांनी टॉर्च माझ्याकडे दिला आणि ते वाकले. कॉम्प्रेसरच्या पुढच्या तोंडाला एक गोल पुली असते, तिच्यावरून पट्टा जातो. पुलीच्या पुढे एक चकती, दोघींच्या मधे नखाच्या जाडीएवढी फट. मामांनी चकतीवर बोटं ठेवून ती फिरवली. पट्ट्यात अडकलेली पुली जागची हलली नाही, चकती मात्र थोडी अडखळत, दाब घेत फिरली.

मामा : हे बघ. एसी बंद असतो तेव्हा एंजिन फक्त पुली फिरवतं, ती आपल्या बेअरिंगवर मोकळी फिरते. बटण दाबलं की आतलं चुंबक चकतीला पुलीवर ओढून घेतं, टक् असा आवाज येतो आणि तेव्हा कुठे कॉम्प्रेसर फिरायला लागतो. म्हणजे एसी बंद ठेवलास तर ताकदीचं नुकसान जवळजवळ शून्य. एंजिन ओढतं म्हणून काढायचा, हे कारण बाद.

सलील : पण चालू असताना तर ओढतो ना?

मामा : ओढतो की! आमच्या वेळी मारुती 800 होती. 796 सीसी. खंबाटकी घाट आला की अख्खं पुणे एसी बंद करायचं. घाट संपला की परत चालू. बटण त्यासाठीच असतं बाबा. आणि दुसरी गोष्ट, चकती हाताने फिरतेय म्हणजे कॉम्प्रेसर आतून धरलेला नाही. तुझा एसी मेलेला नाही, फक्त गॅस गेलाय.

मग त्यांनी कंडेन्सरजवळच्या एका सांध्यावर उजेड पाडायला लावला. बाकीची नळी कोरडी, धुळकट, आणि त्या एका नटाभोवती मात्र काळपट, ओशट मळीचं कडं. गॅसबरोबर त्यातलं तेलही झिरपतं आणि तेलावर धूळ बसते. मामा म्हणाले, यंत्र लावायचीसुद्धा गरज नाही, गळती कुठे आहे हे मळच सांगतो. आतली रबरी ओ-रिंग तीस वर्षांत कडक झाली असणार.

सलील : समजा, फक्त गॅसच गेलाय. पण ही 1992ची गाडी आहे, हिच्यात आर-12 होता. तो आणायचा कुठून?

मामा : तो आणूच नये. ओझोनचा थर खाणारा गॅस तो. 1987 साली मॉन्ट्रियलला करार झाला, 1996पासून तुमच्या अमेरिकेत त्याचं उत्पादन बंद, 2010पर्यंत आपल्याकडचंही आटोपलं. 1994पासून मियाटाही आर-134एवर आली. तुझी गाडीही त्यावर नेता येते. जुनं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, म्हणून ते काढायचं, नळ्या धुवायच्या, नव्या गॅसला चालणारं तेल घालायचं. ओ-रिंगा सगळ्या नव्या. ड्रायर नवा, त्यात तडजोड नाही. सिस्टीम उघडी राहिली की ड्रायर हवेतला दमटपणा शोषून बसतो आणि मग कामातून जातो. तोंडांना नव्या गॅसच्या जोडण्या, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, आणि मग गॅस. आर-12इतका गारठा नाही मिळणार, कारण कंडेन्सर जुन्या गॅसच्या मापाचं आहे. पण बसवेल.

सलील : आणि काढायचं म्हटलं तर? पट्टा सोडला, चार बोल्ट काढले...

मामा : आणि नळी सोडली की फुस्स! तेच करायचं नाही. गळून गेला म्हणतोस, पण आत थोडा दाब उरलेला असू शकतो. हवा तापवण्यात एक किलो आर-12 म्हणजे दहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आर-134ए ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात तोही कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. 1992च्या जुलैपासून अमेरिकेत आर-12 जाणूनबुजून हवेत सोडणं कायद्याने बंद आहे. पुढे त्याच्या जागी आलेल्या गॅसांनाही तोच नियम लागला. परवाना असलेल्या दुकानात न्यायची, त्यांच्या यंत्राने उरलासुरला गॅस ओढून घ्यायचा आणि मगच नटाला हात लावायचा.

हे बोलताना मामांचा आवाज जरा चढला होता. ज्या काळात गॅस बिनदिक्कत आकाशात सोडला जायचा त्या काळात ते कामाला लागले होते.

सलील : बरं, दुकानात नेतो. पुढचं मला ठाऊक आहे. या गाडीत एसी आणि पॉवर स्टिअरिंग एकाच पट्ट्यावर चालतात. एसी काढला की पॉवर स्टिअरिंगपुरता आखूड पट्टा लागतो. डॅशबोर्डच्या मागे पंखा आणि हीटर यांच्या मधोमध कूलिंग कॉइलची पेटी आहे. ती काढली की मधे भगदाड पडतं आणि वारा हीटरपर्यंत पोचतच नाही. त्या काळी अमेरिकेत एसी जास्तीच्या पैशांत मिळायचा, त्यामुळे बिनएसीच्या गाड्यांत त्या जागी प्लास्टिकचा साधा डक्ट असे. तो मिळवून बसवायचा. आणि मोठा फायदा तू बोललाच नाहीस: कंडेन्सर गेलं की रेडिएटरला समोरून सरळ वारा. ट्रॅकवर एंजिन तापण्याचं दुखणं निम्मं कमी.

मामा : हा मुद्दा बरोबर आहे.

एवढंच म्हणून मामा गप्प झाले. कंडेन्सरमुळे रेडिएटरवर खरंच पडदा पडतो, आणि एसी चालू असेल तर त्या पडद्याची उष्णताही त्याच्या वाट्याला येते. ट्रॅकवर जुन्या गाडीचा काटा वर सरकायला लागला की चालवणारे केबिनचा हीटर पूर्ण सोडतात, म्हणजे एंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घेतात. भर उन्हाळ्यात, हेल्मेट घालून. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या शेजारच्या माणसाबद्दल मला गंभीर शंका आली होती.

सलील : ट्रॅकवर एसी असून उपयोग काय, हेही सांग ना. आमच्याकडे बहुतेक क्लबांचा नियम आहे, काचा खाली ठेवायच्या. वीस मिनिटांचं सेशन, काचा उघड्या, वारा तोंडावर. एसी लावणार कशाला?

मामा : आणि ट्रॅकला जातोस कसा? विमानाने?

हा प्रश्न नेमका होता. सलील दोन ठिकाणी जातो. एक मॉन्टेरेजवळचं लागुना सेका, सुमारे 3.6 किलोमीटरची फेरी. तिथलं ‘कॉर्कस्क्रू’ वळण एका झटक्यात जवळजवळ 18 मीटर खाली उतरतं. समुद्र जवळ असल्यामुळे जुलैतही तिथे स्वेटर लागतो. दुसरं विलोजजवळचं थंडरहिल. ते सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात, उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. जाताना पहाटेचा गारवा असतो. येताना दुपारी तीनचं ऊन, आय-5 महामार्ग, पायाशी गिअरबॉक्सची धग, आणि दिवसभर हेल्मेटमध्ये उकडून निघालेला चालक.

मामा : गाडी हलकी केलीस, ठीक. पण चालवणारा दमलेला, तहानलेला, डोकं तापलेलं. तो किती सेकंद उशिरा ब्रेक मारेल ते कुठल्या काट्यावर मोजणार आहेस?

सलील : फॉर्म्युला वनवाले काय एसी लावून पळतात?

मामा : 2023ची कतारची शर्यत मी पुण्यात टीव्हीवर बघितली. एकाला हेल्मेटमध्येच ओकारी झाली, एकाला शर्यत सोडून द्यावी लागली. त्यानंतर त्यांनाही अक्कल आली ना?

आली, हे मी वाचलं होतं. 2025पासून नियम असा की उष्णता निर्देशांक 31 अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल तर ‘हीट हॅझर्ड’ जाहीर होतो आणि चालकासाठी थंड पाण्याच्या नळ्यांचं बनियन मिळतं. त्या यंत्रणेसाठी गाडीचं किमान वजन 5 किलोंनी वाढवलं जातं. त्या वर्षी सिंगापूरला हे पहिल्यांदा जाहीर झालं. एकेका ग्रॅमसाठी झुरणाऱ्या खेळाने माणूस गार ठेवायला पाच किलो कबूल केले! बंद टपाच्या जीटी3 शर्यतींमध्ये तर आता एसी सर्रास असतो. पोर्शेच्या 911 जीटी3 आरमध्ये कंपनीच तो बसवून देते. रस्त्यावरच्या गाडीतून हौशी लोक एसी काढतात आणि खऱ्या शर्यतीच्या गाडीत अभियंते तो घालतात, ही गंमत सलीलला फारशी रुचली नाही.

सलील : त्या तासन् तास पळणाऱ्या गाड्या आहेत, मामा. चारी बाजूंनी बंद. माझा टप उघडतो.

मामा : पावसात?

पावसाचा मुद्दा मामांना पुण्यामुळे सुचला, पण तो इथेही तेवढाच लागू आहे. एसीचं निम्मं काम हवा कोरडी करण्याचं. कूलिंग कॉइलवर हवेतली ओल पाण्याचे थेंब होऊन जमते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. तीच कोरडी हवा काचेवर सोडली की धुकं झटकन उडतं. एसी नसेल तर हीटरच्या गरम वाऱ्यावर भागवावं लागतं. काच साफ होते, पण सवडीने. आमच्या बे एरियातला जानेवारीचा पाऊस, जुना कापडी टप, आत दोन माणसांचा श्वास. गेल्या हिवाळ्यात सलील गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून फडक्याने काच पुसत होते. ओल्या फडक्याने पुसलं की काचेवर समोरच्या दिव्यांचे फराटे उमटतात, आणि पुसलेली जागा लाल दिव्याच्या एका थांब्यात परत आंधळी होते.

सलील : म्हणजे मी दोन टक्क्यांसाठी भांडतोय आणि तुम्ही दोघं फडक्यासाठी.

मामा : फडकं कमी समजू नकोस.

सलील : तरी मला एक सांग. माझ्या ओळखीचे जे लोक मियाटा शर्यतीत उतरवतात, त्यातल्या एकाच्याही गाडीत एसी नाही. ते सगळे मूर्ख?

मामा : छे. शर्यतीची गाडी असेल तर मी स्वतः काढून देईन. तिच्यात लोखंडी पिंजरा असतो, शेजारची सीट नसते, ती ट्रेलरवरून येते आणि ट्रेलरवरून जाते. तिला पाऊस, ट्रॅफिक, सूनबाई यातलं काहीच माहीत नसतं.

यात मामांना ठाऊक नसलेली भर मी घातली. ‘स्पेक मियाटा’ नावाच्या शर्यतीत चालकासह गाडीचं किमान वजन ठरलेलं असतं. गाडी त्याखाली गेली तर मोकळ्या सीटच्या जागी लोखंडी पट्ट्या आवळून वजन पुन्हा वाढवावं लागतं. फायदा इतकाच की ते वजन आपल्याला हवं तिथे, खाली आणि मधोमध ठेवता येतं. मामा यावर पोटभर हसले. सलील म्हणाला, यात हसण्यासारखं काय आहे, हेच तर मी सांगतोय, वजन कुठे आहे त्याला महत्त्व. त्याचंही चूक नव्हतं.

वाद जेवायच्या वेळेपर्यंत चालला. त्यातला उरलेला भाग बहुतेक पैशांचा होता आणि तो घरोघरी असतो तसाच होता.

निकाल मी दिला, कारण त्या दोघांच्याने तो लागला नसता. आजच्या घडीला सलीलची गाडी सगळ्यात वाईट स्थितीत आहे: वजन वीस किलोंचं, गारवा शून्य, रेडिएटरवर पडदा कायम. हे असं ठेवण्यात अर्थ नाही, याबाबत मामा-भाचे दोघांचंही एकमत झालं. गाडी ट्रेलरवर चढणार असेल तर एसी काढावा, आणि अर्धवट नाही, डक्ट, आखूड पट्टा, सगळं नीट करून काढावा. स्वतःच्या चाकांवर ट्रॅकला जाणारी, तिथून घरी येणारी, आणि शेजारी कोणाला तरी बसवणारी गाडी असेल तर दुरुस्त करावा. आमच्याकडे ट्रेलर नाही. तेव्हा ओ-रिंगा, ड्रायर आणि तेल मागवलं आहे. सलीलच्या समाधानासाठी रेडिएटर जाड गाभ्याचा घेतला, आणि त्याचं वजन किती वाढलं हे मी मुद्दाम विचारलेलं नाही.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर एसी ठेवा नाहीतर काढा, तो तुमचा प्रश्न. फक्त पहिला नट सैल करण्याआधी गाडी परवाना असलेल्या दुकानात न्या आणि आत उरलेला गॅस त्यांच्या यंत्राने काढून घ्या.